एम.टेक. निवडताना: बिघाड सांभाळायला शिकवतात का?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना आधी हे बघा: चालू सिस्टीम कोसळल्यावर टीम सांभाळायचा सराव त्यात आहे का? ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बंद. तेवढ्यात लॉग (सिस्टीमने स्वतः केलेल्या नोंदी) वाचणाऱ्यानेच निर्णयही घ्यायचे म्हटलं की दोन्ही फसतं. एकाने सूत्रं हातात घ्यावीत, दुसऱ्याने लॉग बघावेत, तिसऱ्याने ग्राहकांना कळवावं. नव्या आवृत्तीमुळे बिघाड झाला असेल तर आधी जुनी आवृत्ती परत चढवायची, मूळ दोष नंतर शोधायचा. मात्र नव्या आवृत्तीसोबत डेटाबेसमधला एखादा कॉलम (माहितीचा रकाना) काढून टाकला असेल तर जुना कोड तिथेच अडतो. म्हणून कॉलम त्याच वेळी नाही, पुढच्या रिलीजमध्ये काढावा. बिघाडानंतरच्या अहवालात ‘चूक कुणाची?’ विचारलं की माणसं माहिती दडवतात. ‘चाचणीत हे का सापडलं नाही?’ असं विचारलं की बोलतात.