पुण्याचा उन्हाळा उपग्रहातून बघताना

पुण्यात सगळ्यात जास्त कुठे तापतं आणि झाडांचा त्यावर किती परिणाम होतो, हे मला स्वतः पडताळून बघायचं होतं. लँडसॅट या पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहाच्या एप्रिलमधल्या प्रतिमा उतरवून घेतल्या. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, त्या फुकट देते. प्रतिमा शोधायच्या त्या उपग्रहाच्या जागतिक चौकटीतल्या पट्टा (पाथ) आणि ओळ (रो) क्रमांकांवरून; पुणे पाथ 147, रो 47 मध्ये येतं. लेव्हल-2, म्हणजे आधीच प्रक्रिया केलेल्या प्रतिमेतला तापमानाचा बँड (एका प्रकारच्या किरणांचा थर) क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला की नुसते पाच आकडी अंक दिसतात. त्यांना 0.00341802 ने गुणायचं, 149 मिळवायचे, 273.15 वजा करायचे, की जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान सेल्सिअसमध्ये मिळतं. हवेचं नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं लागतं.

नकाशा रंगवला तर लालभडक दिसला शहराबाहेरचा पट्टा! दाट वस्तीच्या पेठा त्याहून कमी तापलेल्या. कारण लँडसॅट आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. तोवर नांगरून ठेवलेली कोरडी शेतं आणि उघडा कातळ झपाट्याने तापलेला असतो; पेठांतल्या भिंती अजून उष्णता पोटात साठवत असतात. पावसाळ्यापूर्वी भारतातल्या बऱ्याच शहरांत दिवसा असंच दिसतं. अॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाची मध्यरात्रीनंतरची प्रतिमा काढली, तेव्हा चित्र उलटं झालं: बाहेरची शेतं निवलेली, शहर मात्र धगधगतंय. तिचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सगळ्यात लहान चौकोन, एक किलोमीटरचा, पण लोकांची झोप उडवणारा उन्हाळा तिथेच सापडतो.

हिरवाई मोजणं सोपं वाटतं. लाल आणि नजीकचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) बँड घ्यायचे, फरकाला बेरजेने भागायचं, झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. पण वेताळ टेकडीवर लावलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) उन्हाळ्यात पानं गाळतो, वाळलेल्या गवतातून कातळ दिसतो, आणि टेकडी ओसाड जमिनीसारखी फिकी येते. उलट मुळा-मुठेतली जलपर्णी एखाद्या जपलेल्या बागेसारखी चमकते! म्हणून झाडांवर पानं असतानाची, नोव्हेंबरची प्रतिमा शेजारी ठेवतो आणि शंकेच्या जागा पायी जाऊन बघतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पत्र्याच्या घरांची. चकचकीत पत्रा अवरक्त किरण कमी सोडतो, त्यामुळे उपग्रहाला तो आहे त्यापेक्षा थंड भासतो. शिवाय लँडसॅटचा तापमानाचा पिक्सेल मुळात शंभर मीटरचा, तो नंतर तीस मीटरच्या चौकोनांत बसवलेला. त्यात एकेक घर दिसणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात अशा काही घरांत साधे तापमापक टांगून रात्रीच्या नोंदी घ्यायच्या आहेत.