ब्लॅकहॉक फिल्म्स नेमकी कधी बंद झाली? एका शोधाचा माझा अनुभव

आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहराला लागून असलेल्या बेटेंडॉर्फ या गावात आम्ही राहतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या घरातले सामान विक्रीला काढले होते, आणि तिथे पुस्तकांच्या मांडणीखाली ठेवलेले अकरा रिळांचे एक खोके मला वीस डॉलरना मिळाले. आठ रिळे सुपर ८ ची, म्हणजे घरगुती वापराच्या आठ मिलिमीटर रुंद फिल्मची होती आणि तीन १६ मिलिमीटरची. गणेशोत्सवात गल्लीत पांढरा पडदा बांधून १६ मिलिमीटरचे चित्रपट दाखवले जात, ते लहानपणी रस्त्यावर मांडी घालून पाहिलेले असल्यामुळे रीळ हातात आले की मला ते खाली ठेववत नाही.

ही घरच्या प्रसंगांची चित्रणे नव्हती. व्हिडिओ येण्यापूर्वी ज्याला घरच्या भिंतीवर सिनेमा पाहायचा असे, तो अशी छापील रिळे पोस्टाने मागवत असे किंवा कॅमेऱ्यांच्या दुकानातून आणत असे. सुपर ८ चे दोनशे फुटी रीळ सेकंदाला १८ चौकटी या वेगाने जेमतेम सव्वातेरा मिनिटे चालते, त्यामुळे मोठ्या चित्रपटांची कापून लहान केलेली रूपेच बहुधा विकली जात. हा धंदा करणाऱ्यांत न्यू यॉर्कची कॅसल फिल्म्स होती, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथली केन फिल्म्स होती, आणि जुने मूकपट व आगगाड्यांची चित्रणे निगुतीने विकणारी ब्लॅकहॉक फिल्म्स होती. ही शेवटची कंपनी चक्क डेव्हनपोर्टची, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवरची. ती बंद कधी झाली, एवढेच मला जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी एक शनिवार पुरेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सात महिने गेले.

पहिले दोन आठवडे माझ्याच चुकीने वाया गेले. आयोवाच्या राज्य सचिवांच्या कार्यालयाची कंपन्यांची नोंदवही संगणकावर फुकट पाहता येते. तिथे मी ‘ब्लॅक हॉक’ असा शोध घेतला आणि असंख्य नावांच्या ढिगाऱ्यात बसलो, कारण ब्लॅक हॉक हा सॉक जमातीचा नेता इथल्या मातीत इतका मुरलेला आहे की परगण्यापासून महाविद्यालयापर्यंत अनेक ठिकाणी त्याचेच नाव लागलेले दिसते. पाट्यांवरचे नाव एक आणि कागदोपत्री नाव दुसरे असू शकते, हे मला सुचायला हवे होते. एका डब्याच्या कडेवर बारीक अक्षरांत ‘ईस्टिन-फेलन’ असे छापलेले होते. केंट ईस्टिन आणि मार्टिन फेलन हे या व्यवसायाचे दोन भागीदार, आणि कंपनीचे व्यवहार त्यांच्या आडनावांनी चालत. मग मी त्या नावाने शोधायला लागलो.

त्यानंतर मी रिळांकडे वळलो. ईस्टमन कोडॅक आपल्या कच्च्या फिल्मच्या कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापत असे आणि त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळते. अडचण अशी की तीच खूण वीस वर्षांनी पुन्हा येते. एका मूक विनोदपटाच्या १६ मिलिमीटर रिळावर सोनाराचे भिंग धरले, तेव्हा काळ्या कडेत पांढरा त्रिकोण दिसला. कोष्टकात त्रिकोण म्हणजे १९३८, १९५८ किंवा १९७८. मी खुशीत वहीत १९७८ लिहून मोकळा झालो. पुढे आठवडाभराने एका जाणत्या संग्राहकाने फोनवर मला समजावले की, पांढऱ्या दिसणाऱ्या खुणा मूळ निगेटिव्हवरून उतरलेल्या असतात आणि खुद्द प्रतीच्या फिल्मची खूण काळी दिसते. पुन्हा भिंग लावले, तर पारदर्शक भागात अगदी पुसट असा एक काळा भरीव गोल सापडला, म्हणजे १९३६, १९५६ किंवा १९७६. रिळाच्या आरंभी ब्लॅकहॉकची प्रस्तावनेची पाटी आहे आणि तीही त्याच निगेटिव्हवरची आहे. ब्लॅकहॉक हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतरचे, त्यामुळे निगेटिव्ह १९३८ ची असू शकत नाही. ती १९७८ ची असेल, तर प्रत तिच्याआधीची ठरते, जे अशक्य आहे. म्हणून निगेटिव्ह १९५८ ची आणि प्रतीची फिल्म १९७६ ची. अर्थात फिल्म त्या वर्षीची असली, तरी तिच्यावर छपाई थोडी उशिरा झालेली असू शकते. डब्यावर तर विश्वास ठेवूच नये, संग्राहक मंडळी डबे सर्रास बदलतात.

हे १९७६ साल महत्त्वाचे ठरले, कारण ईस्टिन आणि फेलन यांनी १९७५ मध्येच कंपनी ली एंटरप्रायझेस या वृत्तपत्रसमूहाला विकली होती. म्हणजे माझे रीळ जुन्या मालकांच्या काळातले नव्हतेच. ‘जुनी ब्लॅकहॉक’ म्हणून मी जे हौसेने हाताळत होतो, ती बाहेरून तशीच दिसणारी, पण मालक बदललेली कंपनी होती.

पुढचे काम डेव्हनपोर्टच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या रिचर्डसन-स्लोन विशेष संग्रहात झाले. शहराच्या वार्षिक निर्देशिका एकामागून एक उघडून कंपनीच्या नावाची नोंद पाहायची आणि नंतर मायक्रोफिल्मवर क्वाड-सिटी टाइम्सचे अंक फिरवायचे, असा माझा क्रम होता. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली. हे वृत्तपत्रही ली एंटरप्रायझेसच्याच मालकीचे. मालकाच्या एका दुकानाची बातमी मालकाच्याच दुसऱ्या दुकानात छापली जात असेल, तर ती वाचताना डोळे जरा बारीक करावे लागतात. तारखेसाठी अशी बातमी चालते. कारणांसाठी मात्र मी तिच्यावर विसंबलो नाही.

कारणे मला इतरत्र शोधावी लागली. सगळा दोष व्हिडिओला देण्याची रीत आहे आणि ती चुकीची नाही: अमेरिकेत बीटामॅक्स आणि व्हीएचएस हे व्हिडिओ कॅसेटचे दोन प्रकार अनुक्रमे १९७५ आणि १९७७ मध्ये आले. पण त्याच सुमारास चांदीचा भाव भडकला. १९७९ च्या आरंभी औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचली. फिल्मच्या लेपात चांदी असते, त्यामुळे कोडॅकला किमती वाढवाव्या लागल्या. पुढे चांदी कोसळली, पण तोवर गिऱ्हाईक कॅसेटकडे वळले होते. माझ्या मते या वर्षांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले गेलेले नाही.

शेवटाचे टप्पे लावताना माझा मूळ प्रश्नच ढिला पडत गेला. ब्लॅकहॉकने स्वतः व्हिडिओ कॅसेटही विकल्या. नंतर हे नाव रिपब्लिक पिक्चर्सकडे गेले आणि ब्लॅकहॉकचे नाव मिरवणाऱ्या व्हीएचएस कॅसेट त्या कंपनीने काढल्या. चित्रपटांचा मूळ संग्रह पुढे डेव्हिड शेपर्ड यांनी घेतला. शेपर्ड यांनी सत्तरच्या दशकात ब्लॅकहॉकमध्ये नोकरी केली होती आणि मूकपटांच्या जतनासाठी ते ओळखले जातात. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे मालकी, नाव, संग्रह आणि रिळांची विक्री यांचे शेवट चार वेगवेगळ्या वेळी झाले. कॅसलचेही तसेच: मालकी युनिव्हर्सलकडे फार आधी गेलेली, १९७७ मध्ये नाव ‘युनिव्हर्सल ८’ झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दुकान आवरले. माझ्या खोक्यातल्या एका डब्यावर हे नवे नाव आहे आणि आतल्या रिळाच्या सुरुवातीला कॅसलची जुनीच पाटी आहे. हे रीळ रंगीत आहे, पण निळा आणि हिरवा रंग उडून सगळे आता गुलाबी झाले आहे.

तुलनेसाठी इंग्लंडमधल्या डडली इथल्या डेरान फिल्म सर्व्हिसेसकडे पाहिले. सुपर ८ वर डिस्नेचे पूर्ण लांबीचे चित्रपट विकणारी ही कंपनी २०११ पर्यंत तग धरून होती. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाचे कागद संगणकावर फुकट मिळतात, त्यामुळे तिथे एका बैठकीत जेवढे हाती लागले तेवढ्यासाठी डेव्हनपोर्टमध्ये मला दोन महिने लागले होते.

खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कार्ड चिकटवले आहे. त्यावर ‘बंद झाल्याचे वर्ष’ हा मथळा होता, तो खोडून चार रकाने आखले आहेत: मालकी, नाव, संग्रह, विक्री. ब्लॅकहॉकच्या ओळीत पहिल्या रकान्यात १९७५ असे शाईने लिहिले आहे आणि बाकीचे तीन आकडे अजून शिसपेन्सिलीत आहेत.