तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ॲना’ मूळ कुणाचं?

बीटल्सच्या पहिल्या अल्बममधलं ‘ॲना’ कुठे लागलं की मी हमखास म्हणतो, “मूळ ऐकलंय का?” मग समोरूनही ठरलेला प्रश्न येतो: बीटल्सच्या जॉन लेननपेक्षा ते कुणी चांगलं गायलंय, असं खरंच म्हणायचंय का तुम्हाला?

हो, म्हणायचंय. आर्थर अलेक्झांडर. गाणं त्यानेच लिहिलं आणि 1962 मध्ये पहिल्यांदा गायलंही त्यानेच. अलाबामातल्या शेफील्डचा हा कृष्णवर्णीय पोरगा हॉटेलात पाहुण्यांचं सामान उचलायचा. 1961 मध्ये शेजारच्या मसल शोल्समध्ये, तंबाखूच्या जुन्या गोदामात थाटलेल्या स्टुडिओत निर्माता रिक हॉलने त्याचं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ रेकॉर्ड केलं. ते अमेरिकेत 24व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या कमाईच्या जोरावर हॉलने फेम स्टुडिओची नवी इमारत बांधली; सोल गायिका अरीथा फ्रँकलिन पुढे गायली ती तिथेच. आर्थरच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही.

तर ‘ॲना’. ती दुसऱ्याकडे निघालीय आणि हा म्हणतो, अंगठी परत दे, मग तू मोकळी. लेनन हे 11 फेब्रुवारी 1963 ला सर्दीने घसा धरलेला असताना गायला, आणि मधल्या भागात तर हंबरडाच फोडतो. छानच आहे ते. पण आर्थर रडत नाही. मागे पियानोची अडखळती सुरावट (बीटल्सकडे ती हॅरिसनच्या गिटारवर आली) आणि पुढे हा बोलल्यासारखा, जवळजवळ कोरडा. विनवणी नाही, तमाशा नाही. मधला भाग आला तरी आवाज जेमतेम चढतो, आणि लगेच स्वतःला सावरतो. मला तो सावरण्याचा क्षण जास्त लागतो.

आम्हाला आर्थर अलेक्झांडरसारखं व्हायचं होतं, असं बीटल्सच्याच पॉल मॅकार्टनीने पुढे सांगितलंच. रोलिंग स्टोन्सनी त्याचं गाणं घेतलं, बॉब डिलननेही घेतलं. आणि हा? संगीत सोडून क्लीव्हलंडमध्ये बस चालवत होता! 1993 मध्ये नवा अल्बम आला आणि त्याच जूनमध्ये, 53व्या वर्षी, तो गेला.

मात्र मूळ ते सरसच, असं काही माझं म्हणणं नाही. डेनिस लिंडने लिहिलेलं ‘बर्निंग लव्ह’सुद्धा एल्व्हिसच्या आधी आर्थरनेच गायलंय. ते खुशाल एल्व्हिसचंच ऐका.