ऑफिस सुरू झाल्यावर दूध कमी होतंय असं वाटतंय?

मॅटर्निटी लीव संपून ऑफिस सुरू झालं की बहुतेक जणींना थोड्याच दिवसांत एकच भीती वाटायला लागते, दूध आटतंय. मलाही वाटायची. दुपारी पंप केल्यावर बाटलीचा जेमतेम तळ झाकेल इतकंच दूध दिसलं की पोटात गोळाच यायचा आणि नेमका तेव्हाच घरून फोन, ठेवलेलं सगळं संपवलं, अजून रडतोय, वरचं देऊ का? म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की पंपात किती आलं यावरून आपल्याला दूध किती येतं हे ठरत नाही. बाळ जितकं ओढून घेतं तितकं पंपाला सहसा जमत नाही. बाळाचं पोट भरतंय का ते बाळाकडे बघून कळतं, दिवसाला सहा किंवा जास्त ओले डायपर होतायत आणि वजन नीट वाढतंय तर दूध पुरतंय. सुरुवातीसारखी छाती दगडासारखी भरून येत नाही म्हणूनही घाबरू नका, दोन-तीन महिन्यांनी ती मऊच राहते, शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आलेला असतो.

दूध टिकतं ते वरचेवर रिकामं होण्यावर. छाती बराच वेळ भरलेली राहिली की शरीर दूध बनवायचा वेग कमी करतं आणि रिकामी झाली की परत वाढवतं, म्हणून एखाद्या दिवशी मीटिंग लांबली तर काही बिघडत नाही पण रोजच दुपारची वेळ हुकायला लागली की फरक पडतो. बाळ घरी ज्या वेळी पितं साधारण त्याच वेळी, म्हणजे दर तीनेक तासांनी काढायचं. माझं तर स्पष्ट मत आहे की एकदाच पाऊण तास बसण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं दोन-तीनदा बसलेलं कधीही चांगलं. कॅलेंडरमध्ये ती वेळ सरळ ब्लॉक करा आणि मागताना अजिबात ओशाळू नका, बाळाच्या जेवणाची वेळ आहे ती!!

आणि पंप नीट बघा. त्यात एक छोटासा मऊ रबरी व्हॉल्व असतो, रोज धुऊन धुऊन त्याची फट सैल पडते, मोटरचा आवाज तोच येतो पण ओढ कमी झालेली असते, आणि आपल्याला वाटतं आपलंच दूध गेलं. तो पार्ट बदलला की कित्येकदा त्याच दिवशी फरक दिसतो. फनेलचा, म्हणजे छातीवर लावायच्या भागाचा, साइज पण तपासा, निपल बाजूंना घासलं जाऊन दुखत असेल तर साइज चुकलाय.

टेन्शनमध्ये पान्हा लवकर फुटत नाही हे अगदी खरं आहे, पान्हा सोडणारं हार्मोन, ऑक्सिटोसिन, अडतं. मी बॅगेत बाळाचं न धुतलेलं झबलं ठेवायचे, ते नाकाशी धरायचं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ लावायचा, आधी हाताने हलका मसाज करायचा आणि बाटलीकडे बघायचंच नाही.

आता घरच्या बाटलीबद्दल, कारण खरी गडबड बऱ्याचदा तिथे असते. एक ते सहा महिन्यांचं फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसभरात सरासरी 750 मिली पितं, म्हणजे आपण बाहेर असलेल्या दर तासाला 30 ते 45 मिली, नऊ-दहा तासांना 300 ते 400 मिली ठेवलं तरी बहुतेकांना पुरतं. पण मोठ्या भोकाच्या निपलने, बाळाला आडवं ठेवून घटाघटा पाजलं तर ते गरजेपेक्षा जास्त पिऊन टाकतं. सांभाळणाऱ्यांना नीट दाखवा, बाळ उभट धरायचं, बाटली आडवी, स्लो फ्लो निपल, मध्ये मध्ये थांबायचं.

काही बाळं दिवसा कमी पितात आणि आई घरी आली की रात्रभर चिकटतात. झोपेचं खोबरं होतं मान्य आहे, पण रात्री प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं हार्मोन) जास्त असतं त्यामुळे रात्रीचं पाजणं दूध टिकवायला खूप मदत करतं. सुट्टीच्या दिवशी पंप बाजूला ठेवून मनसोक्त अंगावरच पाजा.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका.

दूध खरंच कमी झालंय वाटलं तर औषधं आठवून बघा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, दोन्हींनी दूध घटू शकतं. पाळीच्या आसपास थोडे दिवस कमी होतं, ते आपोआप परत येतं. छातीत गाठ, लाली आणि सोबत ताप असेल तर मात्र डॉक्टरकडे जायचं, आणि तोपर्यंत त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही.