पाच घरांचे कवी

शब्दकोड्यात ‘विशाखा’चे कवी विचारले की हात आपोआप कु-सु-मा-ग्र-ज लिहून मोकळा होतो. पण सूचना नुसतीच ‘कवीचे टोपणनाव’ अशी असेल आणि उभ्या शब्दांतून शेवटचे ‘ग्र’ आणि ‘ज’ मिळाले असतील, तर हुरळून जाऊ नये. गोविंदाग्रजही पाचच घरांत बसतात. एक कुसुमचे थोरले भाऊ, दुसरे गोविंदाचे. पहिलं अक्षर हाती येईपर्यंत पेन्सिलच बरी. केशवांचंही तेच. पहिली तीन अक्षरं बिनधास्त भरावीत, मग घरं मोजावीत: पाच असतील तर सुत, म्हणजे दामले, सहा असतील तर कुमार, म्हणजे अत्रे.

खरा घोळ सावंतवाडीकडच्या खानोलकरांनी घालून ठेवलाय. कविता आरती प्रभूंच्या, कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या. दोन्ही नावं (पहिल्यातली मधली जागा सोडून) पाच घरांची, आणि एकाही घरात अक्षर जुळत नाही! म्हणून आधी पुस्तक बघावं. ‘जोगवा’ असेल तर आरती प्रभू, ‘कोंडुरा’ असेल तर खानोलकर. ‘नटसम्राट’ला कुसुमाग्रज लिहिणारेही याच न्यायाने फसतात, तिथे शिरवाडकर, सहा घरं.

‘बालकवींचे मूळ नाव’ ही सूचना तर निव्वळ छळ. ठोंबरे सगळ्यांना येतं, त्र्यंबक आठवायला वेळ लागतो, आणि आठवलं तरी ‘त्र्यं’ एवढं सगळं एका चौकोनात कोंबावं लागतं. शिवाय बालकवींच्या ‘वी’वरून कोडंकाराने खाली ‘विहीर’ सोडली, की झालंच. वेलांटी पहिली की दुसरी? ‘वीज’ देता आली असती ना! जुन्या छपाईत ‘बालकवि’ असायचं हे खरं, पण आजच्या कोड्यात तो आळसच. अशा वेळी अक्षर बरोबर धरावं आणि वेलांटीकडे काणाडोळा करून पुढे जावं.

‘चाफा’ लिहिणाऱ्या ‘बी’ कवींची मात्र पंचाईत. एका घराचा शब्द कोण देणार? मग त्यांना गुप्ते म्हणून दोन घरांत बसवतात. ‘अत्रे’सुद्धा दोनच घरांचे. नुसतं ‘मराठी साहित्यिक’ एवढंच विचारलं असेल, तर ते कोडं सरळ बाजूला ठेवावं.