आमची वाटचाल : अख्ख्या धान्याचे क्रॅकर

आमच्याकडे आता मोठी भट्टी आहे, कणीक लाटायचं यंत्र आहे. तरीही नव्या क्रॅकरची पहिली खेप आम्ही दोघी बहिणी घरच्या ओट्यावरच लाटतो. घरच्या ओव्हनला सगळीकडे सारखा ताव नसतो. मागच्या कोपऱ्यातले क्रॅकर करपतात आणि दारापाशी तेच पांढरे राहतात. अशा ओव्हनमध्ये जी कृती नीट उतरते, ती पुढे कुठेही दगा देत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मैदा वापरायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेली कितीतरी पाकिटं उलटून पाहिली, तर घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असतं, आणि धान्यं शेवटी चिमूटभर. बहुतेक ठिकाणी ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, त्यामुळे पहिलं नाव वाचलं तरी पुरे होतं. आमच्या यादीत ती जागा अख्ख्या गव्हाच्या पिठाची आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

गव्हाच्या दाण्यात सुमारे १४ टक्के कोंडा असतो, जेमतेम ३ टक्के अंकुर, आणि बाकी पिठूळ गर. मैदा या गराचाच करतात. चव मात्र कोंड्यात आणि अंकुरात असते, आणि अडचणीही तिथूनच येतात. कोंडा पाणी सावकाश पितो, आणि त्याचे धारदार कण ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागे तोडतात. तिंबल्या तिंबल्या लाटायला घेतली तर कणीक आखडते आणि कडा फाटतात. अर्धा तास झाकून मुरू दिली की तीच कणीक लाटण्याखाली मुकाट पसरते. १०० ग्रॅम पिठाला साधारण ५० ग्रॅम पाणी, १२ ग्रॅम तेलाचं मोहन आणि २ ग्रॅम मीठ, हे प्रमाण आम्हाला मानवलं. पिठाच्या जाडीप्रमाणे पाणी थोडं कमी-जास्त होतं. पोळी दीड ते दोन मिलिमीटर जाड लाटायची, काट्यानं सगळीकडे टोचे मारायचे म्हणजे वाफ बाहेर पडते आणि क्रॅकर फुगत नाही. वरून तीळ किंवा जवस.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो तडकण्यानं. ओव्हनमधून अखंड निघालेले, डब्यात नीट भरलेले क्रॅकर दुसऱ्या दिवशी उघडावेत तर मधोमध केसाएवढी भेग, आणि हात लावताच दोन तुकडे. कुणी आपटला नाही, दाबला नाही, तरी हे होतं. भाजताना कडा आधी वाळतात, मध्यभागी ओल राहते. थंड झाल्यावर ती ओल कडांकडे सरकते, कडा किंचित फुगतात, मध्य आकसतो, आणि त्या ओढाताणीत क्रॅकर तडकतो. हे समजल्यावर आम्ही भाजणं दोन टप्प्यांत केलं. आधी १८० अंशांवर रंग येईपर्यंत, मग ताव १२० पर्यंत उतरवून मध्यापर्यंत वाळेपर्यंत. त्यानंतर जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत. तडकणं जवळपास थांबलं, आणि क्रॅकर लवकर सादळेनासेही झाले, कारण आत ओलच उरली नाही. माझ्या मते क्रॅकर करणाऱ्याचं खरं कसब पीठ मळण्यापेक्षा या शेवटच्या वाळवणीत आहे.

विक्री ओळखीच्यांपासून सुरू झाली. त्यांच्या पाहुण्यांनी मागितले, मग मोठी जागा घ्यावी लागली. तिथे गेल्यावर पिठाकडे जास्त लक्ष द्यावं लागलं. अंकुरात तेल असतं, आणि दाणा दळला की ते हवेशी आणि पिठातल्याच विकरांशी (एन्झाइमांशी) भिडून खवट होऊ लागतं. म्हणून आम्ही पीठ साठवून ठेवत नाही, धान्य ठेवतो आणि लागेल तसं दळतो. महाग पडतं, त्रासही होतो, पण जुन्या पिठाचा कडवटपणा तिळानं झाकला जात नाही. ओट्सचं तसं नाही. ते कारखान्यात वाफवून येतात, त्यातली विकरं तिथेच निकामी होतात, म्हणून ते जास्त टिकतात.

सध्या ओट्यावर गहू अजिबात नसलेला क्रॅकर आहे, ज्वारी आणि जवसाचा. ग्लुटेन नसल्यानं कणीक धरत नाही. भरडलेलं जवस पाण्यात भिजवलं की जो चिकट बुळबुळीत गोळा होतो, तोच तिला बांधतो. कणीक दोन बेकिंग पेपरांच्या मधे लाटावी लागते आणि वरचा कागद हळूच सोलावा लागतो. चव छान जमली आहे, बहिणीला तर गव्हापेक्षा हीच जास्त आवडते. कडा अजून ठिसूळ आहेत. डब्यात भरून ठेवलेल्या खेपा महिनाभर टिकल्या, वासाला आणि कुरकुरीतपणाला उतरल्या, की मगच त्याचं पाकीट निघेल.