8 मे 1974 चे पान

दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर लागणाऱ्या, हिंदी चित्रपटगीतांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी ऐकवणाऱ्या बिनाका गीतमालेच्या माझ्या वह्या ज्यांनी ज्यांनी हातात घेतल्या, त्या प्रत्येकाने शेवटी एकच प्रश्न विचारला आहे. सव्वाचार वर्षे इतकी नेटकी नोंद ठेवलीत, मग 1 मे 1974 नंतर एकदम काय झाले? भाचरांनी विचारले, जुने रेडिओ जमवणाऱ्या स्नेह्यांनी विचारले, आणि 20 फेब्रुवारी 2024 रोजी गीतमालेचे निवेदक अमीन सायानी गेले त्यानंतरच्या पंधरवड्यात तर वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्यांनीही फोन करून विचारले. आजवर मी या प्रश्नाला तीन उत्तरे दिली. रेडिओ बिघडला होता, हे पहिले. अभ्यास वाढला होता, हे दुसरे. तिसरे मी सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत ठासून दिले, ते म्हणजे त्या सुमारास गाण्यांचा दर्जाच उतरला. तिन्ही उत्तरे खरी नव्हती. तुम्ही पुन्हा तेच विचारलेत आणि राहिलेली पाने भरायचे सुचवलेत, म्हणून आता जे झाले ते लिहिते.

आधी वहीबद्दल एक गैरसमज दूर करते. ते शेवटचे पान कोरे आहे असे सगळे म्हणतात, आणि 1974 च्या वार्षिक कार्यक्रमात ‘मेरा जीवन कोरा कागज’ पहिले आले होते हे ज्यांना ठाऊक आहे, ते लगेच त्या गाण्याचा आणि या पानाचा मेळ घालून दाखवतात. ही कोटी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकवत नाही. पान कोरे नाही. वर उजव्या कोपऱ्यात ‘बुधवार, 8 मे 1974’ अशी तारीख आहे, समासाची रेघ पट्टीने मारलेली आहे, आणि डावीकडे सोळापासून एकपर्यंतचे आकडे वरून खाली लिहिलेले आहेत, कारण गीतमाला सोळाव्या पायदानावरून, म्हणजे क्रमांकावरून, सुरू होऊन पहिल्यावर संपत असे. हे आकडे हिरव्या शाईत आहेत. जरा निरखून पाहिले, तर दोन्ही वह्यांत प्रत्येक पानावर दोन शाया आणि दोन अक्षरे दिसतील. आकडे, तारखा आणि गाणे वर चढले की खाली उतरले हे दाखवणारे बाण हिरवे आहेत. गाण्यांचे मुखडे, चित्रपट आणि गायक निळ्या शाईत आहेत. निळे अक्षर माझे. हिरवे माझ्या शेजारच्या मैत्रिणीचे. वह्या माझ्याकडे राहिल्या, म्हणून लोक त्यांना माझ्या म्हणतात, आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही.

आम्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. माझे बाबा पार्सल ऑफिसात कारकून होते आणि तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणत असे, लोको शेडमध्ये फायरमन होते. आमच्याकडे रेडिओ नव्हता. काकांनी जळगावहून एक जुना मर्फी सेट आणला होता, तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत कोनाड्यात असे, आणि त्याची जाळीची पट्टीसारखी एरियल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगलेली असे. सिलोन लावणे हे काकूंचे काम. काटा जागेवर आला तरी खरखर जात नसे, मग त्या खुंटी केसाएवढी पुढेमागे करीत, आणि आवाज मोकळा झाला की हात तसाच ठेवून डोळ्यांनीच आम्हांला बसायला सांगत. त्या केंद्राचे नाव तोवर दोनदा बदलले होते, पण आमच्या कॉलनीत सगळे सिलोनच म्हणत.

7 जानेवारी 1970 च्या बुधवारी, आम्ही दोघी नऊ वर्षांच्या असताना, पहिले पान लिहिले गेले. सोळा गाणी एका तासात येत, बोलणे भरभर चाले, आणि एकटीने सगळे टिपणे शक्य नव्हते म्हणून ही वाटणी झाली. त्या वर्षाअखेर ‘बिंदिया चमकेगी’ पहिले आले, तेव्हा आम्ही आधीच बेरीज करून तेच येणार असे काढले होते, आणि सायानींच्या तोंडून ते ऐकताना दोघींना जे वाटले ते मी पुढे कोणत्याही परीक्षेच्या निकालात अनुभवले नाही. 1972 मध्ये ‘दम मारो दम’ आठवड्यामागून आठवडे वाजत होते, आणि ते सुरू झाले की काकू आवाज कमी करीत. बंद करीत नसत. बरेच आठवडे यादीत टिकलेल्या गाण्याला ‘सरताज’ हा मान मिळे, त्या सरताज गीताआधीचा बिगुल वाजला की काका घरी असतील तर आतून बाहेर येऊन दारात उभे राहत. हे सगळे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जुन्या गाण्यांच्या आठवणी सांगताना लोक गाण्यांबद्दल बोलतात, आणि मला मात्र एखादे गाणे कानावर आले की आधी ती खोली दिसते.

1974 च्या रेल्वे संपाबद्दल तुम्हांला माहीत आहे. बोनस, महागाई भत्ता, गाडीवरच्या कामगारांचे कामाचे तास या मागण्या होत्या, आणि सुमारे 17 लाख कामगार त्यात उतरले. 2 मे रोजी संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली, त्याच रात्रीपासून काका घरी नव्हते. कुठे होते ते काकूंना ठाऊक असावे, आम्हांला नव्हते. 8 मे रोजी संप सुरू झाला. तो बुधवार होता.

त्या सकाळी यार्डातून शंटिंगचा आवाज आला नाही. भुसावळमध्ये वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नसतो, तो नसला की ऐकू येतो. आणि त्या शांततेत बाबा नेहमीच्या वेळी डबा घेऊन कामावर गेले.

इथे मला बाबांची बाजू मांडावीच लागेल. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावाकडच्या चुलत्यांची जमीन कर्जात गेली होती आणि दोन घरांची चूल एका पगारावर पेटत होती. बाबा युनियनच्या विरोधात नव्हते. वर्गणी नियमाने देत. ते का गेले याबद्दल ते आयुष्यभर एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या वतीने मी कोणासमोर हात जोडणार नाही. पण त्या दिवशी आमच्या रांगेतून कामावर गेलेले ते एकटेच होते, आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांना कळले होते.

संध्याकाळी मी वही आणि निळ्या शाईचे पेन घेऊन शेजारी निघाले. आई म्हणाली, “आज नको जाऊस.” मी विचारले का, ती काही बोलली नाही, म्हणून गेले. मे महिन्यात भुसावळला रात्री आठ वाजताही भिंती तापलेल्या असतात, तरी त्या खोलीत दहाबारा बाया आणि दोन म्हातारे दाटीवाटीने बसले होते. रेडिओ चालू होता, पण तो सिलोनवर नव्हता. बाहेरच्या कुठल्याशा केंद्रावरून संपाची बातमी मिळेल या आशेने काकू काटा फिरवीत होत्या, आणि खरखरीतून मधूनच हिंदी शब्द येऊन बुडत होते. माझी मैत्रीण कोनाड्याखाली बसली होती. मी वही दिली, तिने ती मांडीवर घेतली, रेघ मारली, तारीख घातली आणि सोळापासून आकडे लिहायला लागली. हे मी ठामपणे सांगते, कारण ते आकडे अजून आहेत. म्हणजे त्या क्षणापर्यंत ती कार्यक्रम ऐकायच्या तयारीत होती.

आठ वाजून गेले. मी काकूंना म्हणाले, “काकू, गीतमाला सुरू झाली असेल.” त्या म्हणाल्या, “थांब गं थोडं. बातमी येऊ दे.” मी थांबले. दोन मिनिटे असतील, पाच असतील. सोळावे, पंधरावे, चौदावे पायदान हातातून निसटत असल्याचे मला दिसत होते, आणि चार वर्षांत इतका खाडा कधी झाला नव्हता. मग मी मोठ्याने म्हणाले, “बातम्या कशाला ऐकताय? गाड्या चालू आहेत. माझे बाबा ड्यूटीवर गेलेत.”

मी ते कोणाला टोचण्यासाठी बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलीला गीतमाला हवी होती आणि बातमी अनावश्यक आहे हे सिद्ध करणारा पुरावा तिच्याजवळ होता, इतकेच. असे मी पन्नास वर्षे स्वतःला सांगत आले आहे, आणि हे लिहिताना मला ते पूर्ण खरे वाटत नाही. दुपारी नळावर दोन मुलींनी बाबांवरून मला काहीतरी ऐकवले होते. ते माझ्या मनात होते. माझ्या आवाजात ते आले असेल.

कोणी रागावले नाही. एक बाई उठून बाहेर गेल्या. काकूंनी हात रेडिओवरून काढला, आणि हात काढल्याबरोबर खरखर वाढली. माझ्या मैत्रिणीने पेनाला टोपण लावले, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. मी उठून घरी आले. एवढेच घडले.

27 मे रोजी संप मागे घेतला गेला. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांत काका होते, आणि जूनमध्ये त्यांचे बिऱ्हाड मलकापूरकडे त्यांच्या गावी गेले. संपकाळात कामावर राहिलेल्यांना कॉलनीत ‘लॉयल’ म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारत. बाबांना एक जादा वेतनवाढ मिळाली. सप्टेंबरमध्ये आमच्या घरी रेडिओ आला, शॉर्टवेव्ह असलेला. म्हणजे रेडिओ बिघडल्याचे माझे पहिले उत्तर उलट्या बाजूने खोटे होते: वही थांबल्यानंतरच आमच्याकडे रेडिओ आला. बुधवारी आठ वाजता बाबा मला हाक मारीत, सिलोन लावू का विचारीत, आणि मी गणित सोडवते आहे असे सांगून पायरीवर बसून राही. दुसरे उत्तर तिथून निघाले.

तिसऱ्या उत्तराबद्दल मला जास्त खेद आहे, कारण ते मी छापूनही आणले. एका दिवाळी अंकात, तिशीत असताना, मी चांगला लांब लेख लिहून असे मांडले होते की 1974 च्या आसपास हिंदी चित्रपटगीत ढासळले आणि जाणत्या श्रोत्याने तिथेच थांबणे योग्य होते. आज त्या लेखातल्या बाईशी मला भांडायचे आहे. तिने 1974 नंतरच्या याद्या ऐकल्याच नव्हत्या. न ऐकता निकाल दिला होता. ज्या वर्षी तिने दार लावले त्याच वर्षी ‘कोरा कागज’मधले किशोरकुमारचे ते गाणे पहिले आले, आणि त्याला उतरलेल्या दर्जाचे कोण म्हणेल? 1978 ला ‘अँखियों के झरोखों से’ पहिले होते. आणि 1975 चे पहिले गाणे तर ‘रोटी कपडा और मकान’मधले महागाईचे गाणे होते. ज्या महागाईसाठी काका घराबाहेर राहिले, तिच्यावरचे गाणे देशभरच्या श्रोत्यांनी वर्षाच्या शिखरावर नेऊन ठेवले, आणि मी ते त्या वर्षी ऐकलेही नाही. पहिल्यांदा मी ते नीट ऐकले ते 1980 नंतर, पुण्यात, एका लग्नाच्या मांडवात. तेव्हा लोक त्यावर हसून ताल धरत होते आणि मला तिथे बसवेना.

मात्र त्या लेखातले सगळेच मी मागे घेत नाही. क्रमवारी लोकांच्या आवडीची असते आणि लोकांची आवड म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणते. फक्त ते माझे कारण नव्हते.

1977 मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतले गेले. काकाही परत लागले, दुसऱ्या गावी. आमची भेट झाली नाही. मैत्रीण मला 2006 मध्ये अकोल्याला कॉलनीतल्या एका ओळखीच्या लग्नात भेटली. आम्ही बराच वेळ मुलांबद्दल बोललो. मग मीच विषय काढला आणि त्या रात्रीबद्दल क्षमा मागितली. तिने माझ्याकडे असे पाहिले की तिला आठवतच नाही असे मला वाटले. ती म्हणाली, “तू काय बोललीस ते मला नाही आठवत. पुढच्या बुधवारी आई म्हणाली होती, आज लावू या. मी आकडे घालायला कागद घेऊन बसले होते. तूच आली नाहीस.”

माझ्या आठवणीत ते दार माझ्यासाठी बंद झाले होते. तिच्या आठवणीत ते उघडे होते आणि मी गेले नाही. वही तर माझ्याच घरात होती, त्यामुळे तिने कागद घेतला असणार हे पटते. पण काकू अशा दिवसांत, काका बेपत्ता असताना, गीतमाला लावतील हे पटत नाही. तिने माझे मन राखायला तसे सांगितले, असेही कधी वाटते. ती तशी मुलगी नव्हती, असेही वाटते.

गाळलेली पाने भरून टाका, असे तुम्ही सुचवता. वार्षिक याद्या आता सहज मिळतात, सायानींनी स्वतः पुढे ‘गीतमाला की छाँव में’ या मालिकेतून ते सगळे पुन्हा ऐकवले आहे, आणि मी ते ऐकले आहे, आवडीने ऐकले आहे. पण 8 मेच्या पानावर मी निळ्या शाईने काही लिहिणार नाही. हिरव्या आकड्यांसमोर लिहायचे ते त्या रात्री त्या खोलीत ऐकून लिहायचे होते. कोणी मला त्या आठवड्याची यादी पाठवू नये, ही विनंती. त्या बुधवारी पहिल्या पायदानावर कोणते गाणे होते ते मला माहीत नाही, आणि मी गेल्यावर काकूंनी रेडिओ चालू ठेवला की बंद केला, हे अकोल्याला विचारायचे राहून गेले.